ट्यूब विकणाऱ्याने वाचलेले डॉ. श्याम वर्मांचे लेख

ज्या वाचनाबद्दल लिहितोय ते बरंचसं फुकट आहे, इंग्रजीत आहे आणि त्वचेच्या डॉक्टरांनी त्वचेच्या डॉक्टरांसाठीच लिहिलेलं आहे. तरीही खान्देशातल्या प्रत्येक मेडिकलवाल्याने ते वाचावं असं मला मनापासून वाटतं. चोपडा तालुक्यात बाजाराच्या गावी माझं मेडिकल आहे. डी. फार्मसी झालोय आणि वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला उभा आहे. कंपन्यांचे, स्कीमचे, नव्या मालाचे कागद रोज हातात पडतात. पण माझ्या हातून जाणारी वस्तू पुढे कोणाच्या अंगावर काय करते, हे मला पहिल्यांदा कळलं ते बडोद्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. श्याम वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखांतून.

विषय गजकर्णाचा. आमच्याकडे कोणी नायटा म्हणतं, कोणी नुसतंच ‘खाज’, आणि तरुण पोरं ‘फंगल’ म्हणतात. चोपडा, यावल, रावेर हा केळीचा पट्टा. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश, आणि बागेत शिरलं की खाली ओल, वर पानांचं छत, वारा नाही. घड वाहणाऱ्या मजुराचे कपडे सकाळी नऊलाच ओले होतात आणि संध्याकाळपर्यंत तसेच अंगाला चिकटून राहतात. नळ रोज येत नाही, म्हणून घरातले सगळे एकाच टॉवेलला अंग पुसतात आणि सगळ्यांचं धुणं एकाच बादलीत भिजतं. मी दुकान टाकलं तेव्हा गजकर्णाचं गिऱ्हाईक पावसाळ्यात यायचं, साधं मलम न्यायचं आणि बहुतेक वेळा परत यायचं नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत हे पार बदललं. आता बारा महिने येतात. एका घरातून चार-चार जण येतात. लहान लेकरांच्या गालावर, बायकांच्या कमरेवर, म्हाताऱ्यांच्या पाठीवर चट्टे. आणि तोंडात एकच मागणी: “भाऊ, तीच ट्यूब दे. माले तिनावरच बरं वाटस.”

मी देत होतो. स्टिरॉइड मिसळलेलं ते मलम डॉक्टरांची चिठ्ठी न मागता देत होतो. हे इथे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते सोडून हा अभिप्राय लिहिला तर तो खोटा होईल.

आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे साडेचारला कॉलेजच्या मैदानावर पळायला जायचा, घट्ट हाफ पँट घालून. जांघेत खाज सुटली म्हणून आला. मी ट्यूब दिली. चार दिवसांत खाज गेली, त्याने लावायचं बंद केलं, पंधरा दिवसांनी चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन आला. परत ट्यूब. असं आठ महिने चाललं. वहीत बघितलं तेव्हा कळलं की अकरा ट्यूब गेल्या होत्या, अकराही माझ्याच हातून. मग एका दुपारी, दुकानात कोणी नाही असं पाहून, तो औषधांच्या रॅकमागे आला, पँट वर सरकवली आणि म्हणाला, “काका, हे काय झालंय?” मांडीच्या आतल्या बाजूला बोटभर रुंद, जांभळट-लाल पट्टे होते. बाळंतपणानंतर बायकांच्या पोटावर येतात तसे, पण कितीतरी खोल. एकोणीस वर्षांचा पोरगा तो. भरतीच्या मेडिकलला कपडे काढावे लागतील, तेव्हा डॉक्टर काय म्हणतील, या धास्तीने त्याला झोप येत नव्हती.

त्याला घेऊन मी स्वतः जळगावला गेलो. तिथल्या त्वचेच्या डॉक्टरांनी आधी चट्टा हलकेच खरवडला, कोंडा काचेवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि आम्हा दोघांनाही बघायला बोलावलं. बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसत होते. आठ महिने मलम लावूनही बुरशी जिवंत, ठणठणीत. मग त्यांनी विचारलं, ट्यूब कोणती? मी खिशातून काढून टेबलावर ठेवली. कुठून घेतली हे त्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं. ते रागावले नाहीत. पट्टे फिके पडतील, पण जाणार नाहीत, एवढं त्या मुलाला समजावून सांगितलं, त्याच्या कमरेचा करदोडा कापून टाकायला लावला, आणि मला म्हणाले, “तुम्ही फार्मासिस्ट आहात, तुम्हाला समजेल. हे वाचा.” चिठ्ठीच्या पाठीमागे त्यांनी लिहून दिलं: वर्मा, मधू, २०१७.

तो लेख म्हणजे ‘इंडियन जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजी’मधला ‘द ग्रेट इंडियन एपिडेमिक ऑफ सुपरफिशियल डर्मॅटोफायटोसिस’, म्हणजे गजकर्णाची भारतातली मोठी साथ. डॉ. वर्मांबरोबर चेन्नईच्या डॉ. आर. मधू. छापील पानं दहा आहेत. मला नऊ दुपारी लागल्या. उन्हाळ्यात एक ते चार आमच्या बाजारात कुत्रंही फिरकत नाही, शटर अर्धं खाली करून मी मोबाईलवर वाचायचो आणि अडलेले शब्द जुन्या फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात शोधायचो. पण पहिल्याच दुपारी मी अडकलो तो फोटोंमध्ये. कॉलेजात आम्हाला दाखवलेली चित्रं गोऱ्या कातडीवरची होती, त्यात गजकर्ण म्हणजे गुलाबी कडेचं नीटनेटकं वर्तुळ. इथे आपली, सावळी, उन्हात राबलेली कातडी होती. पोट, कंबर, जांघा, गाल. माझ्या दुकानाच्या दारात रोज उभी राहणारी माणसं मी त्या फोटोंत पाहिली.

लेखाचं म्हणणं साधं आहे आणि ते ठामपणे मांडलंय: देशात गजकर्णाची साथ आहे, ती पूर्वीच्या गजकर्णासारखी वागत नाही, आणि तिच्या मुळाशी एकच कारण नाही. उष्ण, दमट हवा, घट्ट कपडे, घरातल्या घरात होणारा संसर्ग, अर्धवट सोडलेले उपचार, बदललेली बुरशी, या सगळ्यांची त्यात नोंद आहे. पण वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त टोचतं ते स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचं प्रकरण. निदान मला टोचलं, कारण ती मलमं माझ्या पाठीमागच्या फळीवर होती.

वाचता वाचता मी त्यातली एक ट्यूब काढून समोर ठेवली आणि पाठीमागचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं. क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. ही चार नावं मला पाठ होती. त्यांचा एकमेकांशी काय संबंध, हा प्रश्न मात्र वीस वर्षांत एकदाही मनात आला नव्हता. टर्बिनाफिन बुरशीवरचं, ते समजतं. ऑफ्लॉक्सासिन जिवाणूंवरचं, गजकर्ण काही जिवाणूंमुळे होत नाही. ऑर्निडाझोल आपण देतो अमिबाच्या आमांशाला! मांडीवरच्या नायट्यात त्याचं काय काम? आणि क्लोबेटासॉल म्हणजे कातडीवर लावायच्या स्टिरॉइडांतलं सगळ्यात जहाल गटातलं. सोरायसिससारख्या आजारात, ठरावीक जागी, ठरावीक दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचं औषध. ते आम्ही जांघेत लावायला देत होतो, जिथली कातडी मुळात पातळ, त्यात घडीत दबलेली, घामाने भिजलेली, म्हणजे औषध जास्तीत जास्त आत शिरणार.

मग खाज का थांबते, हे मला पहिल्यांदा नीट समजलं. गजकर्णाची बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. शरीर तिच्याशी भांडतं, म्हणून कडा लाल होते, उंचावते, खाज सुटते. क्लोबेटासॉल हे भांडणच बंद पाडतं. लाली जाते, खाज जाते, माणसाला वाटतं गुण आला. बुरशीला तेव्हा अडवणारं कोणी उरलेलं नसतं आणि ती निवांत पसरते. मलम थांबवलं की दबलेली आग एकदम उसळते, आणि गिऱ्हाईक काउंटरवर येऊन म्हणतं, तीच ट्यूब दे. मी इतकी वर्षं त्या ‘तीच’ शब्दाला औषधाची पावती समजत होतो.

हे नवीन ज्ञान नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. स्टिरॉइडमुळे ओळखू न येणाऱ्या गजकर्णाला ‘टिनिया इनकॉग्निटो’ हे नाव इंग्लंडच्या आइव्ह आणि मार्क्स यांनी १९६८ मध्ये दिलंय. म्हणजे माझ्या जन्माआधी. डॉ. वर्मांनी पुढे लंडनचे डॉ. रॉडरिक हे यांच्याबरोबर २०१५ मध्ये आणखी एक रूप नोंदवलं: स्टिरॉइडमुळे वर्तुळाच्या आत वर्तुळ, त्याच्या आत आणखी एक. त्याचं नाव टिनिया स्यूडोइम्ब्रिकाटा. नाव मला आजही एका दमात म्हणता येत नाही, पण फोटो बघितल्यावर विसरता येत नाही. आडव्या कापलेल्या कांद्याची चकती जशी दिसते, अगदी तसं. आता कोणी असा कांदा घेऊन आला की मला विचारावंच लागत नाही, या माणसाने किमान दोन-तीन महिने ट्यूब घासली आहे.

डॉ. वर्मांचं वैशिष्ट्य मला वाटलं ते हे की ते रोगावर थांबत नाहीत, रोग बिघडवणाऱ्या व्यवहारावर बोट ठेवतात. २०१४ मध्ये त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांच्या ‘आयजेडीव्हीएल’ या नियतकालिकात स्टिरॉइड मलमांची विक्री आणि ती कोण लिहून देतं यावर लिहिलं. २०१५ मध्ये ब्रिटनच्या ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, त्या लेखाच्या मथळ्यातच ‘घातक’ आणि ‘हाताबाहेर गेलेला’ असे शब्द आहेत. २०१७ मध्ये पुन्हा तिथेच स्टिरॉइडने रूप बदललेल्या गजकर्णावर, २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात औषधाला दाद न देणाऱ्या गजकर्णावर. बीएमजेमधले दोन्ही जळगावच्या डॉक्टरांनी मला छापून दिले. एकच गोष्ट इतक्या ठिकाणी, इतकी वर्षं, न कंटाळता सांगणारा माणूस मला फार मोठा वाटतो. आमच्या अमळनेरहून गाडीत बसलं की सुरत, तिथून पुढे बडोदा. सुरतच्या उधना-लिंबायतमध्ये आमची निम्मी भाऊबंदकी कामाला आहे. दिवाळीला ती पोरं गावी येतात तेव्हा त्यांच्याबरोबर तोच चट्टा येतो आणि पिशवीत तशीच ट्यूब असते. म्हणून बडोद्यात बसून लिहिलेलं हे सगळं मला परक्या मुलखातलं वाटलंच नाही.

चेहऱ्याबद्दल थोडं. लग्नसराईत आमच्याकडे ‘गोरं करणारी ट्यूब’ मागायला मुली येतात, कधी मुलीची आई येते. डॉ. अबीर सारस्वत आणि बारा केंद्रांतल्या डॉक्टरांचा २०११ मधला अभ्यास मला याच वाचनाच्या ओघात मिळाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, त्यातले ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. त्या ४३३ पैकी २५७ जणांना ते सांगणारा डॉक्टर नव्हताच. मैत्रीण, शेजारीण, पार्लरवाली किंवा माझ्यासारखा दुकानदार यांच्यापैकीच कोणीतरी असणार. हा आकडा वाचल्यावर मी गोरेपणाच्या नावाखाली विकली जाणारी स्टिरॉइडची सगळी मलमं फळीवरून उतरवून कंपनीला परत केली. यावर कोलकात्याचे डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांचं स्वतंत्र लेखन आहे, स्टिरॉइडने बिघडलेल्या, स्टिरॉइडवाचून राहू न शकणाऱ्या चेहऱ्याबद्दल. मुलींच्या आयांना दाखवायला ते उपयोगी पडतं.

कायद्याचं म्हणाल तर पूर्वी पळवाट होती. तोंडाने घ्यायचं स्टिरॉइड शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, पण तेच मलमात असलं तर सूट. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमांची ही सूट काढून घेतली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात कातडीची काही मलमंही होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्टिरॉइडच्या गैरवापराविरुद्ध खास गट नेमून आधीची कितीतरी वर्षं आवाज उठवला होता. मी मात्र २०१८ नंतरही देत राहिलो. पाठीमागे चिठ्ठीशिवाय देऊ नका सांगणारी लाल रेघ छापलेली दिसत होती, आणि तरी देत राहिलो, कारण समोरचा माणूस दिवसाची मजुरी बुडवून आलेला असायचा आणि मी नाही दिली तर पलीकडचा देणारच होता. या कारणात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण ते त्या मुलाच्या मांडीसमोर टिकत नाही.

आता यातलं सगळ्यात जड वाचन. २०२१ मध्ये आयजेडीव्हीएलमध्ये डॉ. वर्मा, कोलकात्याचे डॉ. सौम्य पांडा, जर्मनीचे डॉ. पिएत्रो नेनॉफ आणि इतर अनेकांनी मिळून तीन भागांत भारतातल्या या साथीचा आढावा घेतला. पहिला भाग साथ कशी पसरली, कोणाला होते, कशी दिसते याचा. तो माझ्यासारख्याने जरूर वाचावा. दुसरा निदानाच्या पद्धती आणि बुरशीच्या वर्गीकरणाचा. तो मला झेपला नाही, जनुकांच्या क्रमांपाशी मी थांबलो. तिसरा औषधांना न जुमानणाऱ्या बुरशीचा आणि उपचारांचा. तो मी तीनदा वाचला.

पूर्वी आपल्याकडे ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची बुरशी जास्त आढळायची. आताच्या साथीत दुसरीच पुढे आलीय. २०२० मध्ये जपानच्या संशोधकांनी भारत-नेपाळकडच्या रुग्णांतून मिळालेल्या बुरशीला स्वतंत्र जात मानून नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. एका बुरशीच्या नावात आपला देश असा कायमचा जाऊन बसला, हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला होता. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर काम करतं, स्क्वालीन इपॉक्सिडेज, त्याच्याच जनुकात या बुरशीत बदल झालेले सापडतात. कुलूप बदललं की जुनी किल्ली फिरत नाही, तसं काहीसं. २०२३ मध्ये हीच बुरशी न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांच्या अंगावर सापडल्याची नोंद अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने केली. त्यातली एक बांगलादेशातून खाज घेऊन आली होती, दुसरी तर अलीकडे परदेशी गेलीच नव्हती.

हे वाचल्यावर मला माझ्याच काउंटरवरचा आणखी एक प्रकार नव्याने दिसला. टर्बिनाफिनच्या गोळ्या. पाकिटात सात असतात, गिऱ्हाईक म्हणतं तीन दे, मी कात्रीने कापून तीन देतो. खाज जरा कमी झाली की तो थांबतो. आम्ही बुरशीला औषधाची चव दाखवून सोडून देत होतो. मलमाइतकंच हे पाप आहे, आणि त्याबद्दल आमच्या दुकानदारांच्या बैठकीत मी कधी एक शब्दही ऐकलेला नाही.

या लेखांबद्दल माझ्या तक्रारी आहेत, त्याही मनापासूनच्या. पहिली भाषेची. हे काम ज्यांच्या अंगावर घडलं त्यांना त्यातली ओळही वाचता येत नाही. मराठीत, निदान चार पानांत, फोटोंसकट कोणीतरी हे आणायला हवं. केळीच्या बागेत काम करणाऱ्याला कळेल असं, आणि सातपुड्यातल्या पावरा आदिवासी वाड्यांसाठी त्यांच्या बोलीत. दुसरी तक्रार जरा कडू आहे. चिठ्ठीशिवाय विकणारा दुकानदार या लेखांत दोषी म्हणून येतो, आणि ते खरंच आहे. पण गिऱ्हाइकाचा हिशेब त्यात मला तपशिलाने सापडला नाही. आमच्या गावाहून जळगावला जायचं म्हणजे एसटीचं भाडं, डॉक्टरांची फी, दिवसाचा रोज बुडतो, आणि घरात चौघांना असेल तर चौघांचं. माझ्याकडची ट्यूब साठ-सत्तर रुपयांची. या फरकावर उत्तर काय, ते दहा पानांत नाही. कदाचित ते त्वचेच्या डॉक्टरांच्या हातातही नसेल, पण आम्हाला रोज त्याच्याशीच गाठ आहे. तिसरी गोष्ट अशी की उपचाराच्या भागात ‘असं दिसतं’, ‘अजून अभ्यास हवा’ ही वाक्यं वारंवार येतात. दुकानदाराच्या मनाला ती सुरुवातीला खटकली. नंतर मला त्याचाच आदर वाटू लागला. कंपनीच्या माहितीपत्रकात असलं वाक्य मी कधी वाचलेलं नाही.

वाचनाने दुकानात काय बदललं ते सांगतो. मिश्र ट्यूब चिठ्ठीशिवाय देणं मी बंद केलं. चिठ्ठी असेल तरी किती दिवस, कुठे, हे विचारतो, आणि जांघेसाठी किंवा लहान लेकराच्या गालासाठी क्लोबेटासॉल दिसलं तर डॉक्टरांना फोन करतो. दोन डॉक्टर चिडले, एकाने चिठ्ठी बदलून दिली. पहिल्या तीन महिन्यांत त्या फळीचा गल्ला निम्म्यावर आला आणि घरी बायकोला ते सांगावं लागलं. तिने विचारलं, मग परत विकणार का? मी नाही म्हणालो, तो विषय तिथे संपला. येणाऱ्या प्रत्येकाला आता पहिला प्रश्न विचारतो, घरात आणखी कोणाला आहे? टॉवेल वेगळा, आतले कपडे वेगळे धुवायचे आणि पत्र्यावर कडक उन्हात वाळवायचे, जीन्स सोडून सैल सुती घालायचं, करदोडा काढायचा. हे मला जळगावच्या डॉक्टरांनी शिकवलं, लेखांनी त्याचं कारण सांगितलं. आमच्या आज्या टाकळ्याचं बी वाटून नायट्यावर लावायच्या, टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द म्हणतात, वर्तुळ मोडणारा. तोही प्रश्न लोक विचारतात. मी सांगतो, एवढ्या पसरलेल्या रोगाला आता तपासणीच हवी. महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यात जाणारी चार-पाच माणसं एकत्र केली की भाडं वाटलं जातं, एवढी व्यवस्था मी करू शकलोय.

समजावण्यापेक्षा फोटो जास्त काम करतात. मागच्या जुलैत वाडीवरची एक मावशी आली, लेकासाठी ट्यूब मागत होती, तो केळीच्या ट्रकवर भरायला जातो. मी नाही म्हटल्यावर ती रागावली, पलीकडे जाते म्हणाली. मी मोबाईलवर कांद्याच्या चकतीसारखा तो फोटो काढून काउंटरवर ठेवला. तिने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “हाई ते मना आंडोरना पाय शे!” म्हणजे, हा तर माझ्या पोराचा पाय आहे! तिचा लेक पुढच्या खेपेला जळगावला गेला. सात महिने उपचार चालला, मध्ये एकदा तो कंटाळला होता, पण सोडला नाही.

भरतीची तयारी करणारा तो मुलगा बरा झाला. म्हणजे बुरशी गेली. पट्टे आता पांढरे पडलेत, आहेत तिथेच आहेत. तो अजूनही पहाटे पळतो, सैल पँट घालून, आणि दुकानावरून जाताना हात करतो.

कोणाला वाचायचं असेल तर २०१७ च्या लेखापासून सुरू करा, तो पूर्ण मोफत वाचता येतो. आधी फक्त फोटो आणि त्याखालच्या ओळी. मग स्टिरॉइडचा भाग. मग २०२१ चा पहिला आणि तिसरा. दुसरा भाग ज्याला समजेल त्याने मला समजावून सांगावा, मी चहा पाजीन. आणि वाचायला बसताना आपल्या फळीवरची एक ट्यूब समोर ठेवा, पाठीमागची बाजू वर करून.